ट्रे घेऊन येणारी बाई

जानेवारीत ग्रिम्सबीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर घसरलो,
घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर,
गोठवलेल्या मासळीच्या हिशेबांपासून सुटका.
मी ग्वेनच्या डोळ्यांदेखत पडलो
म्हणून तिला उगाच अपराधी वाटलेलं.
शनिवारी दारात उभी, हातात खोका :
"रेमंड ऑल्डरसन. आपल्या गावचा. एकवीसच्या एकवीस आहेत.
क्रमानं बघ. मधला एकही गाळू नकोस."
जणू अँटिबायोटिकचा कोर्स.

सांगलीहून भावाचा फोन :
एकाच माणसाचे एकवीस?
पेपर आहे का कसला?

पहिला अगदीच कच्चा.
बोटीवरून परतलेला नवरा, स्वयंपाकघरातलं भांडण,
कॅमेरा हलतोय, भिंतीवर माइकची सावली.
मला बरं वाटलं.
इथल्या पहिल्या वर्षी मीही असाच बोलायचो,
प्रत्येक वाक्यात माइक दिसायचा.

दुसरा. तिसरा.
चौथ्याला झोप लागली, मागे नेऊन पुन्हा लावला,
पुन्हा त्याच जागी लागली.
पाचव्याबद्दल मी काही बोलणार नाही.
चहा गार झाला त्या रात्री,
आणि प्लास्टरच्या आत विणायची सुई घालून खाजवायचं
विसरूनच गेलो.

मग खोडी कळत गेल्या.
कुणी रडणार असलं की हा कॅमेरा खिडकीकडे वळवतो.
बाप कधी अख्खा दाखवत नाही :
बूट, कोटाची बाही, अर्धवट टाकलेला टोस्ट.
इतकी ओळख झाली की
माणसाच्या थापासुद्धा घरच्या वाटतात.

नवव्यात ती दिसली.
ट्रे घेऊन येते, ठेवते, जाते.
हिला पाहिलंय कुठेतरी.
मागे गेलो. आठव्यात, इस्पितळ : ट्रे.
सहाव्यात, गोदीचं कँटीन : ट्रे.
पहिल्यात, त्या हलत्या भांडणाच्या पाठीमागे,
विशीतली पोर,
ट्रे घट्ट धरून हसू दाबतेय.
संवाद नाही. नामावळीत नाव नाही.
पाचव्यातही होती.
म्हणजे पाचवा मी पाहिलाच नव्हता तर.

नंतर गोष्टींत माझं लक्ष उरलं नाही.
पडद्यावर संसार मोडत होते, एका पाद्र्याचा खून झाला,
मी आपला ट्रेची वाट बघत बसलेला.
तेराव्यात चष्मा आला.
पंधराव्यात डावा हात जरा जपून.
सतराव्यात, लंडनच्या पैशावर काढलेल्या त्या भपकेबाज घोडचुकीत,
झुंबराखाली तीस वेटर, चांदीची तबकं,
आणि एका कडेला ही,
तोच पोचे पडलेला पत्र्याचा ट्रे.
एकोणिसाव्यात केस पांढरे, आणि शेवटी,
चालक, सुतार, कुत्रा सांभाळणारा यांच्याही खाली,
पहिल्यांदाच :
ट्रे घेऊन येणारी बाई – डोरीन वॅडिंगहॅम.

विसाव्यात ती बोलली.
"साखर?"
बस, एवढंच.
मी खुर्चीतून "दोन चमचे" म्हणालो.

एकविसावा.
दिवाणखाना भरलेला, सगळे एकदम बोलतायत,
कॅमेरा मात्र दारावर.
मी मोजले, छप्पन्न सेकंद.
दार तसंच.
मग एक म्हातारा नट,
जो वीस सिनेमांत स्वतःचा कप स्वतः उचलायला
कधी उठला नव्हता,
उठतो, आत जातो.
नुसता भांड्यांचा आवाज येतो,
कुठली कपाटं कुठे आहेत हे ठाऊक नसलेल्या माणसाचा.

प्लास्टर निघालं. पाय आत
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा निघाला, बारीक, फिकट.
कुबडीवर लायब्ररीत गेलो, खोका काउंटरवर ठेवला,
डोरीनबद्दल विचारलं.
"कोण डोरीन?" ग्वेन म्हणाली.
तिनं सगळे तीन-तीनदा पाहिलेत.
मी सांगत गेलो. मागे रांग वाढली,
कुणीतरी खाकरलं.
ग्वेननं खोक्यावर परतीचा शिक्का मारला,
पहिली डिस्क तेवढी काढली
आणि इकडेतिकडे बघत
स्वतःच्या पिशवीत टाकली.